रिकामा ताबा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज आपल्याला 'स्त्री आणि राहते घर' या विषयावर बोलायचे आहे. सुरुवातीला एक जाहिरात वाचून दाखवते. आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईंनी ती वर्तमानपत्रातून कापून आणली होती. "दादर-माटुंगा भागात, भरपूर झाडी असलेल्या शांत गल्लीत, युद्धापूर्वीच्या भक्कम इमारतीत प्रशस्त जागा विकणे आहे. उंच छत, दोन बाल्कन्या, सागवानी दारे-खिडक्या, उत्तम हवा-उजेड. रिकामा ताबा मिळेल."

बाई म्हणाल्या, "यात रिकामा ताबा लिहिलंय ना, पण मी अजून तिथेच राहते. म्हणजे रिकामं करायचंय ते मलाच."

बाईंचे वय बासष्ट. लग्न केलेले नाही. शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. दोन धाकटे भाऊ, एक पुण्यात, एक अमेरिकेत. त्यांच्या शिक्षणाला बाईंचा पगार लागला होता. वडील मृत्युपत्र न करता गेले. मग आईचे आजारपण, शेवटची दोन वर्षे तर अंथरुणावरच. सगळे बाईंनी काढले. आई गेली, तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या भावाने एक कागद पुढे ठेवला. "ताई, सोसायटीच्या कामासाठी फक्त सही हवीय. तुझं आम्ही बघूच. कधी माझ्याकडे राहा, कधी त्याच्याकडे." कागद हक्कसोडपत्राचा होता.

बाईंनी सही केली नाही. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, "वाचल्याशिवाय सही करू नका, असं तीस वर्षं मुलांना सांगत आले. मग म्हटलं, आपणही वाचावं."

आपल्यातल्या किती जणींनी असा कागद न वाचता सही केली आहे, हे मी इथे हात वर करायला सांगून विचारणार नाही. पण ज्याने त्याने मनाशी आठवावे.

ही घरे कशी उभी राहिली, ते थोडे पाहू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांवर उपाय म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची योजना या ट्रस्टची. रुंद रस्ते, आखलेले भूखंड, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, दुतर्फा झाडे. पुढे तिथे दोन-तीन मजली इमारती झाल्या. गिरगावातल्या चाळींतून आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना पहिल्यांदाच स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास दाराच्या आत मिळाले. सार्वजनिक नळावरची रांग आणि रात्री-अपरात्री कॉमन संडासाकडे जाणे संपले, याचे मोल बाईइतके कोणाला कळणार? पण भाड्याची पावती फाडली जाई ती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने. पुढे कुठे सोसायटी झाली, तर भागदाखलाही त्याच्याच नावाचा. घर झाडायचे, सारवायचे, माणसे जगवायची ती बाईने, आणि कागदावर मात्र ती कुठेच नाही.

खेड्यात शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. शहरातल्या शिकलेल्या घरांना मात्र आपल्या घरातल्या बाईबद्दल असा प्रश्न पडलाच नाही.

आता कायद्याकडे येऊ. बाईंच्या भावाचे म्हणणे होते, "नॉमिनेशन माझ्या नावावर आहे, म्हणजे जागा माझी." हा गैरसमज घरोघरी आहे. नॉमिनी हा मालक नसतो. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढेच नॉमिनेशनने ठरते. मालकी वारसांचीच राहते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वडिलांनी स्वतः मिळवलेली जागा मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे आणि मुली यांच्यात सारखी वाटली जाते. इथे वडिलांमागे आई आणि तीन मुले, म्हणून प्रत्येकी चौथा हिस्सा. आईही मृत्युपत्राविना गेली, तिचा हिस्सा तिघांत वाटला गेला. म्हणजे बाईंचा हिस्सा बरोबर एक तृतीयांश. मुलीचे लग्न झाले असो वा नसो, त्याने हिस्सा बदलत नाही.

याच कायद्यात पूर्वी तेविसावे कलम होते. राहत्या घरात मुलीला हिस्सा असला, तरी पुरुष वारस आपसांत वाटणी करायचे ठरवीपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. राहण्याचा हक्कही फक्त अविवाहित, परित्यक्ता, विभक्त किंवा विधवा मुलीला. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. (आपापला धर्म आणि कायदा पाहावा. पारशी मुलींना वडिलांच्या मालमत्तेत मुलाइतका हिस्सा मिळाला तो १९९१ च्या दुरुस्तीने. मुस्लिम कायद्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा आहे.)

जागा पागडीची असेल तर गोष्ट वेगळी, आणि कार्यकर्तीने ती पाठच करावी. या भागातल्या अनेक जुन्या इमारती आजही भाडेकरूंच्या आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे राहत्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत त्या वेळी राहत असलेल्या कुटुंबातल्या व्यक्तीचा विचार आधी होतो. अशी व्यक्ती नसेल तरच इतर वारसांचा. म्हणजे आईवडिलांपाशी राहिलेल्या मुलीची बाजू इथे भक्कम असते. पण राहत होते हे दाखवावे लागते. रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचे पासबुक, गॅसचे कार्ड जपून ठेवा, आणि भाडेपावती आपल्या नावाची करून घ्यायला वेळ लावू नका.

घरातून काढण्यासाठी छळ होत असेल, वीज-पाणी तोडले जात असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. तो फक्त बायकोसाठी नाही. एकत्र राहणारी बहीण आणि आईही त्याचा आधार घेऊ शकतात. घर विकू नये असा मनाई आदेश न्यायालय देऊ शकते.

बाईंच्या बाबतीत आम्ही भावांना पत्र पाठवले. हिस्से लिहून दिले. दोन बैठका झाल्या. अमेरिकेतला भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू कोर्टकचेरीची भाषा करशील असं वाटलं नव्हतं." बाई त्या दिवशी आमच्या केंद्रात बसून रडल्या. हक्क मागणारी बहीण आपल्या समाजात लोभी ठरते. हक्क सोडणारी माहेर राखते. कुठल्याही कलमापेक्षा हेच जड जाते, आणि आपले खरे काम तिथे आहे.

शेवटी जागा विकली गेली. भावांचे हिस्से विकत घेण्याचा पहिला हक्क कायद्याने बाईंना होता, पण निवृत्तिवेतनात ते कसे जमावे? मात्र करार तिघांच्या सह्यांनी झाला, बाईंचा धनादेश वेगळा निघाला, आणि स्वतःची दुसरी जागा ताब्यात आल्यावरच त्यांनी किल्ली दिली. आता त्या मुलुंडला दोन खोल्यांत राहतात. दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे. त्या वर्षी राखीला एकही भाऊ आला नाही, हेही सांगायला हवे.

जाता जाता एक. या जुन्या इमारतींना मागच्या बाजूने एक जिना असतो. सफाई कामगाराने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून तो बांधला गेला. त्या घरात वीस वर्षे भांडी घासणाऱ्या मावशींना जागा विकल्याचे कळले ते सामान बांधताना. बाईंनी आपल्या हिश्शातून त्यांना रक्कम दिली, कोणी न सांगता. आपला हिस्सा मागताना मागच्या जिन्याने येणारीचा हिशेबही आपण मांडायला शिकले पाहिजे.

तेव्हा गटात परत गेल्यावर एवढे करा. प्रत्येकीने आपल्या घराचे कागद एकदा पाहावेत: भागदाखला, भाडेपावती, नॉमिनेशन, मृत्युपत्र. दुखवट्याच्या दिवसांत कोणत्याही कागदावर सही करू नये. हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे व्हावी लागते. त्या दारापर्यंत जाण्याआधी एकदा आपल्या गटाकडे या. सही एकदा नोंदली गेली, की ती मोडणे फार कठीण.

आणि 'रिकामा ताबा मिळेल' असे कुठे वाचलेत, तर आधी विचारा, आत्ता तिथे कोण राहते आहे?