काळ्या मातीवरचे अंगण

(सोलापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या शहरात चैत्र-वैशाखाच्या रात्री माणसे छपराखाली नव्हे तर आभाळाखाली काढतात, ज्या शहरात विडी वळणाऱ्या बायकांचे सूप आणि विणकराच्या घरचे सूत ही दोन्ही उजेडासाठी अंगणाचाच आश्रय घेतात, त्या शहरात अंगणाची बांधणी म्हणजे वास्तुशांतीनंतर उरल्यासुरल्या पैशांत उरकण्याचे काम मानले जावे, ही गोष्ट मला कित्येक वर्षे खटकत आली आहे. त्या अंगणाविषयी आणि त्यावरच्या मांडवाविषयी बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे.

आरंभ माझ्या परसापासूनच करतो. पंधरा वर्षांपूर्वी तेथील काळी माती वरवर सपाट करून, तिच्यावर खडी अंथरून, मी चार इंचांचा सिमेंटचा कोबा करविला. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वैशाखात मात्र कोब्याला मधोमध बोट शिरेल एवढी भेग पडली आणि त्याच्या कडा खचल्या. मी सिमेंटाविषयी तक्रार करू लागलो, तेव्हा पाहणीला आलेल्या एका वृद्ध गवंड्याने मला एकच प्रश्न विचारला: मुरूम किती खाली लागला? मजजवळ उत्तर नव्हते, कारण मुरमापर्यंत मी खणलेच नव्हते.

आपली ही माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून झाली असून तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी मिळताच फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. शेतकऱ्याला हा गुण वरदान आहे, कारण सप्टेंबरात साठवलेल्या ओलीवरच त्याची रब्बीची ज्वारी पिकते; परंतु ज्याला तिच्यावर फरशी घालावयाची आहे त्याने हे ध्यानी धरावे, की कोब्याच्या कडेची माती उन्हाने वाळून आक्रसत असता मधली माती झाकणाखाली ओलीच राहते, आणि या दोहोंच्या ओढाताणीत कोबा मोडतो. म्हणून काळी माती निदान दोन-तीन फूट, किंवा मुरूम लवकर लागल्यास तेथवर, काढून टाकावी; तीच बागेच्या वाफ्यांना घालावी; आणि खड्डा मुरमाने सहा-सहा इंचांच्या थरांनी, दर थरावर पाणी मारून व धुमसाने चोपून, भरून घ्यावा. पृष्ठभागाला घरापासून बाहेरच्या बाजूस दर पाच फुटांस एक इंच उतार द्यावा, म्हणजे पाणी जोत्याशी थांबणार नाही. या कामाचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो प्रथम छाटला जातो. मी म्हणेन, हवी तर फरशी साधी घ्या, पण मुरमात काटकसर करू नका.

फरशीची निवड आपल्यासाठी भूगोलानेच केली आहे. सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, भीमेच्या खोऱ्यात, शहाबाद आहे. तेथील चुनखडीचा दगड थराथराने सुटतो, त्यामुळे त्याच्या लाद्या फारशा घडवाव्या लागत नाहीत. त्या मुरमावर वाळूच्या थरात बसवून दरजा चुन्याने भराव्यात, कारण चुन्याच्या दरजा किंचित हालचाल सोसतात. मात्र आम्ल हा दगड खाते, तेव्हा न्हाणीघरातील तीव्र द्रावणे त्याच्यावर ओतू नयेत.

आता मांडव. चित्रांत दिसणारी, उभ्या धारेवर पट्ट्या लावलेली युरोपीय पद्धतीची लाकडी चौकट अलीकडे अनेकांना मोह घालते. ती जेथे जन्मली तेथे सूर्य भर उन्हाळ्यातही तिरपाच असतो, त्यामुळे उभ्या पट्ट्या त्याला अडवू शकतात. आपले सोलापूर 17 अंश 40 कला उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि त्या पट्ट्यांच्या फटींतून, कसलाही अडथळा न होता, सरळ खाली उतरतो. पौषात मात्र दक्षिणेकडे कललेले, हवेहवेसे ऊन त्याच पट्ट्या अडवतात! म्हणजे ही रचना येथे नेमकी उलट काम करते. आपल्याकडे छाया आडवी हवी: तट्ट्या, मालदांडीचा कडबा, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे वेलीची पाने. पत्रा मी वर्ज्य मानतो. तो तापतो, आणि वळवाचा वारा खालून शिरला की उडतो, तर विरळ मांडवातून तोच वारा आरपार निघून जातो. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे कलून मावळतो, म्हणून त्या बाजूस एक कडुनिंब असावा, पण फरशीपासून पंधरा-वीस फुटांवर, कारण त्याची मुळे जमिनीतील ओल ओढून पुन्हा तोच भेगांचा प्रश्न उभा करतात.

मांडवाची विद्या शिकण्यास कोठे दूर जाण्याची गरज नाही, नान्नजला जावे. जेथे काळे कुटुंबाने सोनाका ही द्राक्षाची जात निवडून काढली, त्या परिसरात पानाफळांचा केवढा तरी भार आणि वर वादळाचा जोर सोसणारे तारांचे मांडव उभे आहेत. त्यांचे बळ मधल्या खांबांत नाही. ते कडेच्या, बाहेर कललेल्या खांबांत आणि त्यांना जमिनीत पुरलेल्या दगडाशी बांधून ठेवणाऱ्या ताण्यांत आहे. घरच्या मांडवाला हाच शिरस्ता लावावा. वेल मात्र द्राक्षाची घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिची खरडछाटणी ऐन एप्रिलात येते आणि सावलीची सर्वाधिक निकड असते तेव्हाच मांडव उघडा पडतो. मधुमालती लावावी, न्हाणीच्या पाण्यावर ती वाढते, आणि जेथे नळाला रोज पाणी येत नाही तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

लाकडी खांब जमिनीत पुरू नयेत. आपल्या जुन्या वाड्यांतील खांब अजून उभे आहेत ते दगडी तळखड्यांवर, मातीपासून हातभर उंच, जेथे वाळवीला चढताना उघड्यावर यावे लागते आणि पावसाचे पाणी बुंध्याशी साचत नाही. खांब वाऱ्याने उचलला जाऊ नये म्हणून तळखड्यात लोखंडी गज बसवून तो खांबात घ्यावा, एवढीच काय ती नवी भर.

घाई मात्र कोठेही करू नये. मुरूम वैशाखात भरावा, एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यावा, जेथे तो बसेल तेथे पुन्हा भरावा, आणि मगच फरशी घालावी. माझ्या परसातील फुटका कोबा गेल्या महिन्यात उखडला. मुरूम भरून झाला आहे, चारही तळखडे आणून ठेवले आहेत, मधुमालतीचे रोप मृगात लागेल, आणि शहाबादी फरशी मार्गशीर्षात बसेल. तोवर आम्ही घरची मंडळी उघड्या मुरमावरच बाज टाकून निजतो.