किर्लोसहून बिडदीपर्यंत : एका उद्योजक घराण्याची वंशावळ

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हीरकमहोत्सव समितीने मला विषय सुचवला तो असा : परमुलखात प्रथम जाऊन स्थिरावलेल्या आणि पुढे उद्योगधंद्यात नाव कमावलेल्या एखाद्या मराठी घराण्याची वंशावळ आपण सांगावी. विषय ऐकून मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. आनंद अशासाठी की म्हैसूरच्या मराठी माणसाला आपल्या मुळांविषयी बोलणे नेहमीच आवडते. धास्ती अशासाठी की आपली वंशावळ म्हणजे बहुधा पुरुषांच्या नावांची उतरंड असते. अमक्याचा मुलगा तमका, त्याचे मुलगे तीन, त्यांतला मधला निर्वंश. त्र्यंबकेश्वरच्या किंवा गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या आजोबांची सही सापडली की डोळे भरून येतात, हे खरे. पण त्या सहीखाली आजोबा काय करीत होते, कोणत्या गावाहून का निघाले आणि कोणाच्या आधाराने उभे राहिले, हे लिहिलेले नसते. आज मी जी वंशावळ सांगणार आहे तीत या गोष्टी आल्याच पाहिजेत, कारण त्यांच्यावाचून ती कळतच नाही.

घराणे आहे किर्लोस्करांचे. आपल्यापैकी काहीजण म्हणतील, हे तर पुण्याचे. थोडा धीर धरावा, ही विनंती.

आडनाव स्वतःच पहिला मुक्काम सांगते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यात किर्लोस नावाचे गाव आहे, त्यावरून किर्लोस्कर. कोकण सोडून घाटावर चढलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब पूर्वेकडे सरकत सरकत कानडी मुलखात आले आणि सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूर या गावी राहिले. आज हे गाव बेळगावी जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात आहे. मराठी रंगभूमीला ज्यांनी संगीत नाटक दिले ते अण्णासाहेब, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, १८४३ साली याच गावी जन्मले आणि मराठी उद्योगाला ज्यांनी लोखंडाचा नांगर दिला ते लक्ष्मणराव १८६९ साली याच गावी जन्मले. एका लहानशा कानडी खेड्यात, एकाच घराण्यात, नाटक आणि नांगर! शेजारच्या घरात कानडी बोलली जात होती, याचा विसर आपण पुष्कळदा पाडून घेतो.

येथे एक आडवाट घेतो. अण्णासाहेबांचे ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आले. त्याच सुमारास आपल्या या म्हैसुरात, राजवाड्याच्या आश्रयाने, बसवप्प शास्त्री कालिदासाचे तेच नाटक कानडीत आणीत होते. त्यांचाही जन्म १८४३चा. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन माणसांनी एकच शकुंतला दोन भाषांत उभी केली. कोणी कोणापासून काय घेतले याचा निवाडा मी करणार नाही, पण सीमेच्या दोन्ही बाजूंची हवा किती सारखी होती हे यावरून दिसते. असो, आपण मूळ वाटेवर येऊ.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तो चित्रकला शिकण्यासाठी गेला, आणि तेथे उमगले की त्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? रंग सुटले, पण रेषा हाती राहिली. यांत्रिक रेखनात त्याने प्रावीण्य मिळवले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तो विषय शिकवू लागला. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. घराण्यांच्या इतिहासात असे अपमान सहसा झाकून ठेवले जातात. किर्लोस्करांनी तो झाकला नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, असा व्यवहार. ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव या दोघा भावांचे. आज कंपन्यांच्या नावांतले ‘ब्रदर्स’ आपण नुसते वाचून पुढे जातो, पण तेथे खरोखरीचे दोन भाऊ होते, आणि त्यांतल्या एकाचेच नाव सर्वांना माहीत आहे. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे.

सायकलींनंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते, तिला विष लागते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या माणसाने कोणा शहरी कारागिराच्या शब्दावर आपली जमीन पणाला का लावावी? मला तरी त्या शेतकऱ्याचा राग येत नाही. नांगराला पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून, पैसा अडकून, आणि घरातली माणसे जेवायची थांबत नाहीत! वंशावळीत ही दोन वर्षे कुठे दाखवायची, सांगा.

मग बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि सारा संसार उचलण्याची वेळ आली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधला यमाईच्या देवळासमोरचा सभामंडप बांधण्याच्या कामामुळे त्यांना लक्ष्मणरावांची ओळख होती. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. माळ म्हणजे निवडुंग आणि साप यांचे राज्य. मार्च १९१० मध्ये थोड्या कामगारांसह कुटुंबे तेथे उतरली, आणि पुढे त्या स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

या वंशावळीत आता एक अडचण उभी राहते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. किर्लोस्करवाडी किर्लोस्करांनी एकट्यांनी वसवली नाही. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, कृ. के. कुलकर्णी अशा माणसांनी तिच्या भिंती उभ्या केल्या. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले दोघे. लक्ष्मणरावांनी त्यांनाच वसाहतीचे रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्यापासून लोक दार लावून घेत त्यांच्या हाती दार सोपवणे, याला कोणते धैर्य म्हणावे? वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही नियम. यांतल्या एकाचेही नाव रक्ताच्या वंशवृक्षात बसत नाही. मात्र त्यांना वगळले तर वृक्ष कागदावर उरतो, वाडी नाहीशी होते.

स्त्रियांचेही तेच. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंचे नाव वंशवृक्षात येते ते बहुधा आई म्हणून. निवडुंगाच्या माळावर पंचवीसतीस बिऱ्हाडे उतरली तेव्हा पाणी कोठून आले, चुली कशा पेटल्या, आजारी मुलाला रात्री कोणी पाहिले, याचा हिशेब कारखान्याच्या वहीत नसतो. आपल्यापैकी ज्यांच्या आज्या-पणज्या नवऱ्यामागून अनोळखी भाषेच्या गावी आल्या त्यांना मी काय म्हणतो ते सांगायला नको.

दुसऱ्या पिढीकडे थोडे भरभर जाऊ. बंधू वासुदेवराव यांचे चिरंजीव शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची माहिती देणाऱ्या पत्रिकेतून पुढे ‘किर्लोस्कर’, १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ अशी मासिके उभी राहिली. आपल्या माळ्यावरच्या जुन्या पेट्यांत त्यांचे अंक कोणाकोणाकडे अजून असतील. असल्यास रद्दीत देऊ नका. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव चुलतभाऊ माधव यांच्यासह अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकायला गेले. शंतनुराव १९२६ साली पदवीधर झाले. माधव मात्र क्षयाने तरुणपणीच गेले. वंशवृक्षात अशा नावापुढची फांदी रिकामी असते. पण दोन भाऊ जोडीने बोटीवर चढले होते, एकाच उमेदीने, हे त्या रिकाम्या फांदीवर लिहून ठेवायला हवे.

आता आपण आपल्या मुलखात येतो. म्हैसूर संस्थानात मराठी भाषक माणसे पूर्वीपासून होती. तंजावरी मराठी कुळातले व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्या पाठोपाठ टी. आनंदराव हे १९०६ ते १९१२ या काळात येथे दिवाण होते, आणि कृष्णराजसागराच्या कामाचा आरंभ आनंदरावांच्याच कारकीर्दीतला. पण ही मंडळी आली ती कारभारासाठी. विश्वेश्वरय्यांनी उद्योगाची दिशा दाखवली, सर मिर्झा इस्माइल यांनी ती पुढे नेली, आणि बाहेरच्या कारखानदारांना संस्थानाचे दार उघडले. महायुद्धामुळे परदेशी यंत्रे येणे दुरापास्त झाले होते. अशा वेळी १९४१ साली तुंगभद्रेच्या काठी, हरिहर येथे, ‘म्हैसूर किर्लोस्कर’ हा लेथ आणि यंत्रावजारे करणारा कारखाना स्थापन झाला. जागा पाहा : नदीच्या अलीकडे म्हैसूर संस्थान, पलीकडे मुंबई इलाखा, आणि पुण्याहून बंगळुरूला जाणारा लोहमार्ग शेजारून. १९४६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवींद्र यांनी बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा पाया घातला, त्याच वर्षी पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला.

दोन वर्षांनी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीला आग लावली गेली. आयुष्यभराचे काम जळताना एका ऐंशीच्या घरातल्या माणसाने पाहावे, हे दुःख मी शब्दांनी वाढवू इच्छित नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, एवढेच सांगतो.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात आला. म्हणजे त्यांचे जन्मगाव आणि हरिहरचा कारखाना एकाच राज्यात आले, ते त्यांच्या मृत्यूनंतर. आणि ज्या वाडीला त्यांचे नाव मिळाले ती दुसऱ्या राज्यात राहिली. मग हे घराणे कुठले? आपल्या मुलांना शाळेत, बाजारात, कधी सरकारी अर्ज भरताना हाच प्रश्न विचारला जातो : तुम्ही मूळचे कुठले? उत्तर देताना मुले चाचरतात, हे मी पाहिले आहे. किर्लोस्करांच्या वंशावळीत या प्रश्नाला एका गावाचे नाव उत्तर म्हणून देता येत नाही. किर्लोस, गुर्लहोसूर, बेळगाव, वाडी, हरिहर, असा सबंध रस्ताच सांगावा लागतो. चाचरण्याचे कारण नाही. रस्ता सांगायला वेळ लागतो, इतकेच.

उतरता काळही सांगायला हवा, नाहीतर ही स्तुती होईल. हरिहरचा कारखाना या शतकाच्या आरंभी बंद पडला आणि त्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे गाव एकाएकी सुनेसुने झाले. पुढच्या पिढीत नाव आणि मालकी यांवरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. ज्या पाटीवर ‘बंधू’ हा शब्द होता तिच्यावरूनच हे व्हावे, याची खंत वाटते. बाजू कोणाची बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही.

आपण बंगळुरूला जाताना रामनगरच्या पुढे बिडदी लागते. तेथला मोटारींचा मोठा कारखाना आपण सर्वांनी खिडकीतून पाहिला आहे. १९९७ साली जपानी कंपनीबरोबर भागीदारी करून तो आणला लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते अकस्मात निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. जुन्या पद्धतीच्या वंशावळीने तेथे शाखा खुंटली असे लिहिले असते. प्रत्यक्षात जानेवारी २०२३ मध्ये त्यांची कन्या मानसी कंपनीच्या उपाध्यक्षपदावर आल्या.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी ग्रंथ चाळले, पण सर्वांत अधिक मला शिकवले ते एका छोट्या वर्कशॉपमधल्या लेथने. हरिहरचा कारखाना बंद होऊन इतकी वर्षे झाली, तरी त्याचे लेथ आजही जुन्या यंत्रांच्या बाजारात विकले जातात आणि कामावर असतात. तेलाने काळवंडलेल्या त्या बिडाच्या अंगावर मी हात फिरवला. वर उठावाच्या अक्षरांत दोन शब्द होते, एक आपल्या गावाचा आणि एक कोकणातल्या गावाचा. तो चालवणारा तरुण कानडी होता. त्याने मला विचारले, “हे कोण होते, सर?” मी सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्या तासाने त्यानेच लेथ बंद करून स्टूल ओढले.