तवशाचं बी आणि माहेरचं नाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका' असं छापलंय. त्यामुळे आता लॅटिन नावं ऐकावी लागणार, अशी भीती मागच्या बाकांवर दिसतेय. ती तिथे दहावीतही दिसायची. घाबरू नका. मी आज आपल्या आयांबद्दल आणि आज्यांबद्दल बोलणार आहे, आणि त्यांच्या मागीलदारच्या भाजीबद्दल.

सकाळी कार्यालयात जुनं जनरल रजिस्टर मांडून ठेवलं होतं. आपापलं पान शोधून सगळ्यांनी मोबाईलवर फोटो काढले. त्यात जन्मतारीख आहे, जन्मगाव आहे, वडिलांचं नाव आहे. आईच्या नावाला रकानाच नाही. आता राज्य सरकारने नियम केलाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. चांगलं झालं. पण आपल्या आयांच्या वाट्याला ते आलं नाही. गावात त्या अमक्याची आई, तमक्याची सून, आणि उतारवयात सगळ्यांच्या 'काकी'. आज्यांचं तर त्याहून अवघड. लग्नात नाव बदललं की माहेरचं नाव तिच्या भावंडांबरोबरच संपायचं.

मग त्यांचं म्हणून घरात काय होतं? सातबाऱ्यावर नाव नाही, घरपट्टीवर नाही. मला वाटतं, मागीलदारची ती दोन-तीन गुंठे जागा होती. तिथे काय लावायचं हे आजोबांना कुणी विचारत नसे. आणि तिथल्या वेलांना मात्र नावं असायची. आमच्याकडे तवशाला 'आजीचं तवसं' म्हणत. आजी लग्न होऊन आली तेव्हा लुगड्याच्या पदराला बी बांधून आणलेलं, असं आई सांगते. शेजारच्या घरी एक बुटक्या शेंगेचा वाल होता, तो त्यांच्या चुलत आजीच्या माहेरचा. त्या माहेरच्या गावाचंच नाव त्या वालाला पडलं होतं. बाईमाणसाचं माहेर बियाण्याच्या नावात टिकलं आणि तिचं स्वतःचं नाव गेलं, हे मला फार पुढे लक्षात आलं.

आता थोडं त्या कामाबद्दल. आपण सगळ्यांनी ते पाहिलंय, पण तेव्हा पाहिलं म्हणून कळलं असं नव्हे.

मृग लागायच्या आधी आळी खणून त्यात पालापाचोळा, शेण, चुलीतली राख घालून ठेवायची. पहिला पाऊस मुरला की तवसं, पडवळ, दोडका, भोपळा. मांडव घालायला मात्र पुरुषमाणूस लागायचं, आणि त्यासाठी आजीला चार दिवस मागे लागावं लागायचं. न्हाणीचं पाणी पाट काढून अळूला आणि केळीला. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून टोकाला दोऱ्याने दगड बांधायचा. तो दगड शोधून आणणं हे आम्हा मुलांचं काम. पडवळाची पांढरी, झालरीसारखी फुलं संध्याकाळी उमलतात, कारण त्यांच्याकडे रात्री फिरणारे पतंग येतात. दोडक्याची पिवळी फुलंही दिवेलागणीलाच. आणि भोपळ्याची पहाटे. आजीला नर-मादी फूल हे शब्द ठाऊक नव्हते. पण भोपळ्याच्या फुलांची भजी करायची तर फक्त लांब देठाची, खाली गाठ नसलेली फुलं तोडायची. देठाशी इवलासा भोपळा असेल त्या फुलाला हात लावायचा नाही, हे ती आम्हाला बजावून सांगायची. आणि नर फुलं तरी सगळी तोडायची नाहीत. हेच मी पुढे कॉलेजात फळ्यावर आकृती काढून शिकवलं. पगार घेऊन.

सगळ्यात महत्त्वाचं काम बियाण्याचं. वेलाला लागलेलं पहिलं तवसं घरात खायचं नाही, ते देवापुढे. त्यानंतरच्या फळांतलं एक, निरोगी वेलावरचं आणि नीट आकाराचं, तिच्या मनात ठरलेलं असायचं. त्याला ती लाल चिंधी बांधायची. चिंधी बांधलेलं तवसं गणपतीला घरी आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांनी मागितलं तरी मिळत नसे. ते वेलावर पिवळं-तपकिरी होईपर्यंत राहायचं, मग वाशाला टांगलं जायचं. कापलं की गराचं धोंडस व्हायचं, आणि बिया धुऊन, राखेत घोळून, शेणाच्या गोळ्यात दाबून चुलीमागच्या भिंतीवर थापल्या जायच्या. धूर, राख, कोरडेपणा. कोकणातल्या हवेत बियाण्याला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून याहून स्वस्त सोय मला अजून सापडलेली नाही. वाल मडक्यात, तोही राखेत. चांगल्या झाडाचं चांगलं फळ राखून त्याचंच बी पेरणं याला आमच्या पुस्तकात 'निवड पद्धत' म्हणतात. ती चिंधी म्हणजे ती पद्धत.

ऋषिपंचमीचा दिवस आठवा. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगरटीचं धान्य बाजूला आणि अळू, भेंडी, लाल भोपळा, पडवळ, दोडका, सुरण, माठ, मक्याची कणसं असं सगळं एका पातेल्यात. वर्षातून एक दिवस, जेव्हा शेत बाहेर आणि परसू आत. आपण त्या दिवशी कुरकुरत जेवायचो. आता तीच ऋषीची भाजी मुंबईत डब्यात विकत मिळते आणि आपण तिचे फोटो पाठवतो.

एक शब्द मला खटकतो, तो बोलून टाकते. आपण म्हणतो, 'आईला बागेची हौस होती.' असेलही. अबोली आणि सोनटक्का हौसेचेच. पण पडवळ, वाल, अळू ही हौस नव्हती. घरात सात-आठ तोंडं आणि मनीऑर्डर मुंबईहून महिन्याला एकदा. पावसात भाजी विकत आणायला पैसे नसायचे, आणि असले तरी खाडीपलीकडे बाजारात जाणं व्हायचं नाही. ओट्यावरून हात लांबवला की भाजी मिळावी, एवढ्यासाठी ते सगळं होतं. आणि जास्त झालेली भाजी, अबोलीचे वळेसर, केळीची पानं विकून जे सुटे पैसे यायचे ते तिचे. त्याचा हिशेब कुणी मागत नसे. या सभागृहात असे किती जण आहेत, ज्यांची कंपासपेटी किंवा परीक्षेची फी त्या पैशातून आली? हात वर करायला नको. मला चार-पाच जणांचं माहीत आहे आणि मी त्यातलीच एक.

आता मुद्द्यावर येते. आपल्या बॅचतर्फे शाळेला काहीतरी द्यायचं ठरतंय. ग्रुपवर तीन महिने चर्चा चालू आहे आणि ग्रॅनाइटच्या फलकावर येऊन थांबली आहे. फलकाला माझा विरोध नाही. पण आई आणि आजी यांच्या नावाने काही करायचं तर शाळेच्या मागे, विहिरीकडे, जी पडीक जागा आहे तिथे त्यांच्या बियाण्यांची परसबाग करावी, असं मला सुचवायचंय. आहाराच्या खिचडीत तिथली भाजी जाईल. बाईंनी मघाशी सांगितलं की सातवीच्या मुलांनी तिथे मेथी लावून पाहिली आहे, म्हणजे माती बरी आहे.

घाई का, ते सांगते. बी हे डबीत ठेवून जपता येत नाही. आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे गेले की उगवण झपाट्याने उतरते. देवघरात ठेवलेली आजीची डबी ही आठवण म्हणून छान, पण त्यातलं बी बहुधा मेलेलं असतं. ते जिवंत ठेवायचं तर पेरावं लागतं आणि पुन्हा धरावं लागतं. आणि बाजारातलं संकरित बी धरून पुढच्या वर्षी पेरलंत तर तेच फळ मिळेल याचा भरवसा नसतो. आजीच्या वाणाचं तसं नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक आहेत. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घराघरांतून मागून, पेरून, वाढवून देशी वाणांची बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गोळा केलेलं बियाणं मुळात कुणाच्या तरी आयांनी राखलेलंच होतं. विचारणारं कुणीतरी भेटलं, एवढंच. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी लिहून ठेवल्या होत्या म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाई त्याआधीच्या डिसेंबरात गेल्या होत्या.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आया आज पंचाऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. जेवली का ते तिला आठवत नाही, पण पडवळ कितव्या दिवशी उगवतं ते बरोबर सांगते. तेव्हा या सुट्टीत गावी जाल तर विचारा. कोणतं बी कुणाकडून आलं? कधी पेरायचं, एका आळ्यात किती? बियाण्याला कोणतं फळ ठेवायचं? आणि तिचं माहेरचं पूर्ण नाव काय? शेवटचा प्रश्न सोपा वाटतो. ग्रुपवर विचारला तेव्हा पंधरा जणांना आजीचं माहेरचं नाव सांगता आलं नाही. त्यातल्या एकाने गावच्या आत्याला फोन लावला, तेव्हा ते मिळालं. आत्या हे नाव घेताना रडली म्हणाला.

काही व्यवहाराच्या गोष्टी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वाल किंवा चवळी धरावी. ही झाडं बहुतेक आपल्याच परागावर शेंग धरतात, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. तवसं, भोपळा, दोडका यांचं तसं नाही; शेजारच्या टेरेसवर दुसऱ्या जातीची काकडी असेल तर मधमाश्या सरमिसळ करणारच. शाळेच्या बागेतही तवशाची एका वर्षी एकच जात लावू. परदेशातल्या मंडळींनी कृपा करून बी खिशात घालून नेऊ नये, विमानतळावर काढून घेतात आणि ते योग्यच आहे. त्यांनी माहिती लिहून घ्यायचं काम करावं. आणि बँकेतल्या आपल्या मित्राने विचारलं म्हणून सांगते, घरचं बी राखणं, पेरणं, एकमेकांना देणं यावर शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातच मान्य केलेला आहे.

अक्षय्य तृतीयेपर्यंत बियाणं शाळेत पोचवा. कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नको. पिशवीवर जिच्याकडून आलं तिचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.

मी सुरुवात करून आले आहे. जेवणाच्या दारापाशी टेबलावर तवशाच्या पिशव्या आहेत, प्रत्येकीत मोजून सहा बिया, वर माझ्या आजीचं नाव. घ्या, पण वहीत स्वतःचं नाव लिहून घ्या, कारण पुढच्या मेळाव्याला मी एकेकाकडून चिंधी बांधलेल्या फळाचं बी परत मागणार आहे. आता जेवायला चला, अळूचं फदफदं निवतंय.