हृदयालेखावरून जुनाट श्वासविकाराची चाहूल



सुरत शहराच्या उत्तर भागात, तापीच्या पलीकडे कोसाड वसले आहे. एके काळचे हे खेडे आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी तेथे महापालिकेने मोठी वसाहत उभारली आहे. नंदुरबार, धुळे व जळगाव जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे कापडउद्योगातील कामासाठी सुरतेस गेली असून सुरत–भुसावळ लोहमार्गाने त्यांची ये-जा सतत चालू असते. श्रमिकांच्या वस्तीत काय किंवा त्यांच्या मूळ गावी काय, एक तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. जिना चढताना धाप लागते, सकाळी खोकला येतो, बेडका पडतो. “वय झाले” किंवा “विडीचा खोकला आहे” असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते.

हे दुर्लक्ष महागात पडते. फुप्फुसांची राखीव शक्ती मोठी असते. त्यामुळे सपाटीवर चालताना दम लागू लागेपर्यंत तिचा मोठा भाग खर्ची पडलेला असतो व तो परत मिळत नाही. डॉक्टर ज्यास सीओपीडी म्हणतात, त्या या विकाराचे 2016 मध्ये भारतात सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. यांपैकी अनेकांना आपल्या रोगाचे नावही ठाऊक नसते.

या रोगाचे निश्चित निदान श्वासचाचणीने, म्हणजेच स्पायरोमेट्रीने होते. हे उपकरण सर्वत्र उपलब्ध नसते. हृदयालेख, अर्थात ईसीजी, मात्र पुष्कळ ठिकाणी काढला जातो. हॉलंडचे शास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन यांना या तंत्राबद्दल 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच आलेख फुप्फुसांविषयीही काही सांगतो, याकडे लक्ष वेधणे हा या भाषणाचा हेतू आहे.

रोगाने फुप्फुसे हवेने फुगून राहिली म्हणजे छाती व पोट यांमधील पडदा खाली दाबला जातो. हृदयाचा उजवा वरचा कप्पा या पडद्याशी जोडलेला असल्याने तोही खाली ओढला जातो आणि हृदय उभट होते. आलेखातील पहिली लहानशी लहर, जिला ‘पी’ म्हणतात, तिची दिशा त्यामुळे बदलते. तिचा अक्ष 60 अंशांपलीकडे झुकतो. ‘एव्हीएल’ नावाच्या लीडमध्ये ही लहर उलटी दिसते आणि तिसऱ्या लीडमध्ये ती पहिल्या लीडपेक्षा उंच असते. एवढे पाहण्यास वेगळा खर्च नाही; काढलेल्या आलेखाकडे क्षणभर अधिक पाहिले की पुरे.

हृदय व फुप्फुसे यांचा हा संबंध आपल्या देशात पूर्वीच अभ्यासला गेला आहे. दिल्लीतील विख्यात हृद्रोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती व त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसविकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी झालेल्या 127 रुग्णांचा अभ्यास 1959 मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांत धूम्रपान अल्प असूनही हा विकार त्यांच्यात पुरुषांच्या बरोबरीने आढळला. चुलीच्या धुराकडे संशयाचे बोट वळले ते तेव्हा. विडी न ओढणाऱ्या गृहिणीसही हा रोग होऊ शकतो, हे म्हणूनच ध्यानी ठेवावे.

तथापि आलेख हा केवळ इशारा आहे, निकाल नव्हे. उंच, सडपातळ तरुणांमध्ये अशी लहर निरोगी अवस्थेतही दिसते. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर तिला अधिक अर्थ प्राप्त होतो. दोन्ही हातांच्या तारा चुकून अदलाबदल झाल्या तरी एव्हीएलमधील लहर उलटते; मात्र त्या वेळी पहिल्या लीडमधील लहरही उलटलेली असते, यावरून चूक ओळखता येते. शिवाय आलेख निर्दोष आला म्हणून रोग नाहीच, असेही समजू नये. खूण आढळल्यास किंवा लक्षणे असल्यास रुग्णास श्वासचाचणीसाठी पाठविणे हेच योग्य.

येथे प्रत्येकाकडे काही काम आहे. आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या अधिकाऱ्यांनी चाळिशी ओलांडलेल्यांचे आलेख या दृष्टीने वाचले जातील व संशयित रुग्णांना कोठे पाठवावयाचे हे आधीच ठरलेले असेल, अशी व्यवस्था करावी. शिक्षकांनी चुलीचा धूर व तंबाखू यांचे दुष्परिणाम मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावेत. ग्रामस्थांनी आपला आलेख जपून ठेवावा. अनेक आलेखांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो व काही काळाने त्यावरील रेषा पुसट होतात. म्हणून त्याची झेरॉक्स प्रत काढून ठेवावी. सुरतेस काढलेला आलेख नंदुरबारच्या डॉक्टरांना दाखविता आला, तर रोग वाढत आहे की कसे, हे ताडून पाहता येते.

गेलेली श्वासशक्ती परत आणता येत नाही. परंतु विडी सोडल्याने, धूर टाळल्याने व वेळीच उपचार घेतल्याने उरलेली पुष्कळ काळ टिकविता येते. कपाटात पडून राहिलेला एखादा आलेख त्या कामी आजही उपयोगी पडू शकेल.