परत गेलेल्या रुग्णाचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत देण्यात आलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



रुग्णालयाच्या सभेत संगणकावरील खेळाविषयी बोलण्याचे औचित्य काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. नवशिका वैमानिक आकाशात जाण्यापूर्वी जमिनीवरील यंत्रात चुका करून घेतो. तेथे विमान पडले तरी कोणाच्या जिवाला धोका नसतो. व्यवस्थापनाच्या शिक्षणात ही कल्पना १९५० च्या दशकात आली. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने सैन्यातील युद्धसरावापासून प्रेरणा घेऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी संगणकावर चालणारा निर्णयखेळ सिद्ध केला. आज याला सिम्युलेशन म्हणतात. आपण त्याला प्रतिरूप म्हणू.

यांतील सर्वांत प्रसिद्ध खेळ अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत प्रा. जे फॉरेस्टर यांच्या विचारांतून उदयास आला. त्याचे नाव 'बिअर गेम'. रुग्णालयाच्या अहवालात हे नाव शोभणार नाही, म्हणून आपण बिअरच्या पेट्यांऐवजी सलाईनच्या पेट्या घेऊ. आपले औषधभांडार, जिल्ह्याचा घाऊक विक्रेता, कंपनीचा डेपो आणि कारखाना असे चार खेळाडू. मागणी केली की माल काही आठवड्यांनी येतो. रुग्णांची गरज एकदाच वाढते, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ पेट्यांवर, आणि पुढे तेथेच स्थिर राहते. तरीही उशिरामुळे घाबरलेला भांडारपाल जास्त मागवतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत ही मागणी कित्येक पट फुगते. मग सगळा माल एकदम येऊन पडतो. कोणीही आळशी नसतो, कोणीही अप्रामाणिक नसतो, आणि तरी मुदत संपलेल्या औषधांचा ढीग लागतो. त्या ढिगात देणगीदारांचा पैसा असतो.

आता बाह्यरुग्ण विभागाकडे वळू. रांगेचे शास्त्र डेन्मार्कमधील अभियंता एर्लांग याने १९०९ पासून टेलिफोन केंद्रासाठी मांडले. त्याचे सर्वांत साधे गणित असे : एक डॉक्टर तासाला सरासरी १० रुग्ण तपासू शकतात. तासाला सरासरी ८ रुग्ण आले तर रांगेत सरासरी २४ मिनिटे थांबावे लागते. ९ आले तर ५४ मिनिटे. साडेनऊ आले तर जवळजवळ दोन तास. रुग्ण वाढले थोडे, प्रतीक्षा वाढली कित्येक पट. 'डॉक्टर एक मिनिटही रिकामे बसता कामा नयेत' हा आग्रह काटकसरीचा वाटतो. त्याची किंमत बाकावर बसलेला रुग्ण मोजतो.

आपल्याकडे तर हे गणितही सौम्य ठरते. त्यात रुग्ण एकेकटे येतात असे धरलेले असते. औसा, निलंगा, अहमदपूर येथून सकाळची एस.टी. आली की केसपेपरच्या खिडकीवर एकदम वीस माणसे उभी राहतात. पेरणीच्या दिवसांत शेतकरी दुखणे अंगावर काढतो आणि काम उरकल्यावर येतो. म्हणून प्रतिरूप रचणाऱ्याने आधी महिनाभर त्या खिडकीजवळ बसून प्रत्येक रुग्ण किती वाजता आला, किती वाजता तपासला गेला, एवढेच टिपावे. नावांची आवश्यकता नाही. या नोंदींवरून संगणक कृत्रिम दिवस घडवतो आणि दोन तासांत वर्ष उलटून जाते. त्यासाठी महागडी यंत्रणाही लागत नाही. कार्यालयातील हिशेबाच्या तक्त्यावर आरंभ करता येतो.

माझ्या मते खरी कसोटी गणितात नाही, जिंकणे कशाला म्हणायचे हे ठरवण्यात आहे. व्यापारी कंपन्यांसाठी रचलेल्या खेळांत नफा आणि बाजारातील वाटा यांवर गुण मिळतात. दुकानातून परत गेलेला ग्राहक पडद्यावरून नाहीसा होतो. असा खेळ जसाच्या तसा येथे आणला, तर हुशार खेळाडू तिसऱ्या फेरीपर्यंत एकच गोष्ट शिकेल : पैसे नसलेल्याला खाट देऊ नये. आणि संगणक त्याला शाबासकी देईल!

किनवटहून शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून नांदेडला आलेला रुग्ण 'उद्या या' ऐकून परततो, तो उद्या येत नाही. बहुधा काही आठवड्यांनी, अधिक बिघडलेल्या प्रकृतीने येतो. तेव्हा त्याला खाटही जास्त दिवस लागते आणि खर्चही वाढतो. काही येतही नाहीत. आपल्या प्रतिरूपात या माणसाला नाहीसे होऊ देता कामा नये. त्याचा रकाना पडद्यावर सतत दिसला पाहिजे, आणि नंतरच्या फेऱ्यांत तो रुग्ण पुन्हा दारात उभा राहिला पाहिजे.

खेळाच्या काही अटी मात्र खेळाडूच्या हाती देऊ नयेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. त्या निधीत पैसा संपला, रांगेत निर्धन रुग्ण आहेत आणि मार्च उजाडला आहे, ही फेरी प्रत्येक खेळाडूने खेळलीच पाहिजे. देणगी वर्षारंभी आली आणि वर्षअखेर आली, तर निकालात किती अंतर पडते, हेही तेथेच कळते.

आणखी एक साधन परदेशी खेळांत सापडत नाही, ते म्हणजे पाणी. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आता रुग्णालयाचा हिशेब पाहा. डायलिसिसचा द्रव साधारणतः मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहतो. चार तासांच्या एका उपचाराला १२० लिटर. तेवढे शुद्ध पाणी मिळवण्यासाठी कच्चे पाणी त्याहून पुष्कळ अधिक लागते. टँकर आज आला नाही, टाकीत अमुक लिटर शिल्लक आहे. शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, धुलाई थांबवायची की डायलिसिसच्या पाळ्या कमी करायच्या? हा निर्णय प्रथमच घेण्याची वेळ खऱ्या एप्रिलमध्ये येऊ नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मात्र या खेळात घालू नये, असे माझे मत आहे. तशा प्रसंगाची तालीम संगणकापुढे बसून होत नाही. ती स्ट्रेचर, रुग्णवाहिका आणि माणसे घेऊन आवारातच करावी लागते.

प्रत्येक फेरीनंतर खेळाइतकाच वेळ चर्चेला द्यावा. तुम्ही असे का ठरवले, तेव्हा तुम्हाला काय दिसत होते, काय दिसत नव्हते, हे एकमेकांना विचारावे. गुणांचा फलक भिंतीवर लावू नये आणि नोकरीच्या मूल्यमापनाशी त्याचा संबंध जोडू नये. तसे झाल्यास कोणीही धीटपणे चूक करणार नाही.

आपल्या रुग्णालयाने हा उपक्रम हाती घेतल्यास पहिल्या दिवशी अधिसेविकांना विश्वस्तांच्या खुर्चीत आणि विश्वस्तांना केसपेपरच्या खिडकीवर बसवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.