गाडी ओढत का नाही?



पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला पुण्याच्या मार्केट यार्डात आपण कधी गेला असाल, तर तिथली घाई मी वेगळी वर्णन करून सांगायला नको. गुलटेकडीच्या फाटकाशी टेंपोंची रांग लागलेली असते, हमाल क्रेट डोक्यावर घेऊन ‘बाजू, बाजू’ म्हणत गाळ्यांमधून धावत असतात, आणि ज्याचा माल आधी उतरला त्याच्याकडे गिऱ्हाईक आधी वळते. तासा-दोन तासांच्या उशिराने भाव कसा खाली येतो, हे आपल्यापैकी ज्यांनी पट्टी हातात घेऊन कपाळाला हात लावला आहे त्यांना पक्के ठाऊक आहे.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. गाडी मला चालवता येते. दुरुस्त करता येत नाही, हे आधीच कबूल करतो. मग हा मास्तर इंजिनावर कशाला बोलतोय, असे आपल्या मनात येईल. पण परवाच्या पावसाळ्यात माझ्या आतेभावाच्या टेंपोच्या निमित्ताने मला माझाच विषय नव्याने शिकायला मिळाला, तो आपल्याला सांगावा म्हणून आलो आहे.

आतेभावाची शेती भोरच्या बाजूला. घेवडा, काकडी, टोमॅटो असा माल तो स्वतःच्या जुन्या डिझेल टेंपोतून यार्डात आणतो. शेजाऱ्यांचाही भाड्याने आणतो. टेंपोवर अजून कर्ज आहे. तर आषाढात या गाडीने ओढणे सोडले. खेड-शिवापूर मागे टाकून कात्रजचा चढ सुरू झाला की गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, आणि मागून येणारे ट्रक भोंगे वाजवीत पुढे निघून जायचे. यार्डात पोचेपर्यंत उजाडायचे. परतताना मात्र गाडी मोकळी, तेव्हा ती पळायची! दोन आठवडे असे गेले आणि शेजाऱ्यांनी माल दुसऱ्याच्या गाडीत घालायला सुरुवात केली.

एका गॅरेजवाल्याने ऐकून घेतले आणि सांगितले, “इंजिन काम मागतंय. पिस्टन, रिंगा, सगळंच करावं लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून आतेभाऊ माझ्याकडे आला तो पैसे उसने मागायलाच.

आता मोकळी गाडी पळते आणि भरलेली रडते, यात काही गूढ आहे काय? थोडे गणित करू. अश्वशक्ती, म्हणजे ज्याला आपण हॉर्सपॉवर म्हणतो, ती मोजायची एक जुनी रीत अशी: ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलले की एक अश्वशक्ती. गाडी आणि माल मिळून ३ टन, म्हणजे ३,००० किलो धरा. रस्ता असा आहे की १५ मीटर चालल्यावर एक मीटर चढतो. अशा चढावर ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर जायचे, तर दर सेकंदाला ३ टन एक मीटर उचलावे लागतात. भागाकार करा: ४० अश्वशक्ती, नुसत्या चढासाठी. इंजिनाकडे २० च उरल्या असतील, तर वेग निम्म्यावर, २७ वर येणार. सपाटीला मोकळ्या गाडीला यातले फारसे काही लागतच नाही, म्हणून तिथे दुखणे लपते.

पण शक्ती कमी आहे म्हणताना ती कुठे मोजली, हेही विचारायला हवे. शेतात तोललेला कांदा आणि यार्डाच्या काट्यावरचा कांदा सारखा भरत नाही, मध्ये घट येते. तसेच इंजिनाचे आहे. इंजिनावर मोजलेली शक्ती गिअर, शाफ्ट, टायर यांतून चाकापर्यंत येता येता साधारण १५ टक्क्यांनी घटते. पुणे समुद्रापासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथे हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. साध्या इंजिनाला तेवढीच हवा कमी मिळते. परदेशात एका मोठ्या कंपनीवर या मोजमापावरून चांगलीच पाळी आली होती. जपानच्या माझ्दा कंपनीने २००३ साली आर-एक्स-८ ही शर्यतीच्या थाटाची गाडी अमेरिकेत आणली आणि तिची शक्ती २४७ अश्वशक्ती सांगितली. पुढे तो आकडा २३८ वर आणावा लागला, आणि नको असल्यास गाडी परत घेऊ, असेही गिऱ्हाइकांना कळवावे लागले.

या गाडीचे इंजिन मोठे मजेचे आहे. त्यात खालीवर होणारा पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण पोकळीत गरगर फिरतो, आणि त्याच्या तीन बाजूंना हवा घेणे, दाबणे, पेटणे, धूर टाकणे ही कामे पाळीपाळीने चालतात. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची ही कल्पना. पहिले इंजिन १९५७ साली चालले, आणि १९९१ साली अशाच इंजिनाच्या माझ्दाने फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दुखण्याची जागा म्हणजे त्रिकोणाची टोके. तिथे बारीक पट्ट्या असतात. त्या झिजल्या की दाब एका कप्प्यातून दुसऱ्यात गळतो आणि जोर जातो. म्हणून अशी गाडी ओढेना झाली की मालक पहिल्यांदा टोकांच्याच नावाने रडतो.

पण जाणता मिस्त्री आधी दाब मोजतो. त्रिकोणाच्या तीन बाजूंचे तीन ठोके जोरदार आणि सारखे आले, तर टोके शाबूत. मग तो ठिणगीकडे वळतो. या गाडीत ठिणगीची कॉइल कमजोर झाली की काही पेट्रोल न जळताच धुराच्या नळीत जाते. तिथे धूर स्वच्छ करणारी जाळी असते, तिच्यात ते पेटते, जाळी वितळते आणि नळी तुंबते. धूर बाहेर पडेना, तर नवी हवा आत येणार कुठून? आता कोणी तुंबलेली जाळी तेवढी बदलली, तर काही दिवस गाडी पळेल. कॉइल तीच असल्यामुळे नवी जाळीही तिच्याच वाटेने जाईल. कारणाचेही कारण असते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते इतके स्पष्ट मला फळ्यावर कधी दिसले नव्हते.

तर, आतेभाऊ. उसने पैसे देण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवू, म्हणून यार्डाच्या आसपास ट्रकची कामे करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आम्ही गेलो. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. नुसते विचारत बसले.

“पाव्हणं, चढाला धूर कसला पडतो?”

“धूर नाहीच म्हणा ना.”

“सकाळी गार गाडी कशी चालू होते?”

“अर्ध्या चावीत.”

“मग रिंगा कशाला काढताय?” मिस्त्री म्हणाले.

मी मध्येच विचारले, तेव्हा त्यांनी समजावून दिले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनेच डिझेल पेटते. दाब गेला असेल तर पावसाळी पहाटे गाडी अर्ध्या चावीत चालू होईलच कशी? हवा कमी पडत असती, तर न जळलेल्या डिझेलचा काळा धूर पडला असता. धूर नाही आणि जोरही नाही, याचा अर्थ डिझेलच पुरेसे पोचत नाही. क्लच घसरत असता, तर इंजिन ओरडले असते आणि गाडी जागची हलली नसती. ब्रेक धरून राहत असता, तर ड्रम तापला असता आणि मोकळी गाडीही अडखळली असती. पाहता पाहता चार संशयित सुटले, एकही नट न खोलता.

डिझेलची जाळी आतेभावाने आधीच बदलली होती, पंपही बदलून पाहिला होता. म्हणजे डिझेल भरायचा पंप. फरक नाही. मिस्त्रींनी पुढचे विचारले, “चढाला थांबवून दहा मिनिटांनी निघालात तर?” आतेभाऊ म्हणाला, “थोडा वेळ बरी ओढते, मग पुन्हा तेच.” मिस्त्री उठले, टाकीपाशी गेले. “आषाढात काय नवीन केलं गाडीला?” “काही नाही,” आतेभाऊ म्हणाला, आणि मग थांबून, “टाकीत पावसाचं पाणी जायला लागलं होतं, म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घातली.”

झाले! त्या जुन्या गाडीच्या टाकीत हवा जायची वाट झाकणातल्या बारीक भोकातून होती. पिशवीने ती बुजली. चढाला इंजिन भराभर डिझेल ओढते. त्याची जागा घ्यायला हवा आत येईना, तेव्हा टाकीत ओढ निर्माण झाली आणि डिझेल वर चढेना. गाडी थांबली की फटीतून हवा हळूहळू शिरायची. मोकळ्या गाडीला डिझेल थोडे लागते, तेवढ्याला ती फट पुरायची. सगळी लक्षणे एका पिशवीत बसली.

गुरुजी मंडळींनी हे मुलांना दाखवावे. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्याला एकच बारीक भोक पाडा आणि डबा वाकडा करा. पाणी थेंब थेंब, गुळगुळ करीत, अडखळत येईल. दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडा. लगेच धार लागते. आपल्या घरातल्या बाया हे जाणतात, डबा फोडताना त्या दोन भोके पाडतात. आम्ही दोघे शिकलेले पुरुष महिनाभर टाकीभोवती हिंडत होतो.

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. दुसऱ्या पहाटे मी आतेभावाबरोबर गाडीत बसलो. कात्रजच्या चढाला तिसरा गिअर सुटला नाही, आणि यार्डात आमचा माल अंधारातच उतरला.

पावसाचे पाणी टाकीत जायचा मूळ प्रश्न राहिलाच होता. त्यावर आतेभावाने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून झाकणावर छपरासारखा बसवला आहे, खालची बाजू मोकळी ठेवून. पहिल्या मोठ्या पावसानंतर टाकीचा तळ उघडून त्याने पाहिले, पाणी नव्हते.