खोका सुबक हवा, पण हिशोबात

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण दिवाळी फराळाच्या खोक्यांचे काम तुम्ही माझ्यावर सोपविलेत, तेव्हा हिशोब देणे माझे कर्तव्य आहे.

गेल्या वर्षी आपण १०० खोके करून घेतले, ७५ रुपयांस एक. हौसेने त्यांवर सोनेरी अक्षरांत सालही छापले. ६० खपले, ४० माळ्यावर आहेत. म्हणजे ३,००० रुपये माळ्यावर! त्यापायी चकल्या पाडणाऱ्या भगिनींची मजुरी महिनाभर लांबली. साल छापा म्हणणारी मीच. म्हणून यंदा खोके करणाऱ्यांकडे बसून सारे काम पाहून आले.

जाड खोक्याचे अंग करड्या पुठ्ठ्याचे. बाजारात त्याला कप्पा बोर्ड म्हणतात. जाडी साधारण दीड ते तीन मिलिमीटर. आपल्या अर्धा किलो फराळाला दीड पुरे. पुठ्ठा कापून, खाच पाडून दुमडतात, कोपऱ्यांना कागदी पट्टी लावतात आणि वरून छापील कागद चिकटवितात. हातकाम फार, म्हणून किंमत जास्त. शिवाय त्याची घडी होत नाही. चाळीच्या खोलीत १०० खोके ठेवले की माणसांनी गॅलरीत निजावे!

आता छपाई. ऑफसेटला दर रंगाची प्लेट निराळी. खोके पन्नास असोत वा हजार, तो खर्च तेवढाच. समजा ३,००० रुपये आला, तर १०० खोक्यांवर प्रत्येकी ३० रुपये पडतात, १,००० वर ३. थोड्या कामाला एकरंगी स्क्रीन छपाई बरी. डिजिटलला प्लेट लागत नाही, म्हणून रंगीत चित्राचे थोडे नग हवे असल्यास ती सोयीची. सोनेरी पन्नीला वेगळा साचा पाडावा लागतो, तो खर्च आणखी.

तळणाचे तेल पुठ्ठा पितो, म्हणून आत बटरपेपर हवाच. वर्तमानपत्र मुळीच नको; २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ त्यात बांधण्यास मनाई केली आहे.

माझी सूचना अशी. जाड खोका फक्त भेटीच्या मागणीला, तोही आगाऊ पैसे घेऊन. एरवी घडीचा साधा खोका. खोक्यावर मंडळाचे नाव तेवढे छापावे. वजन, तारीख चिठ्ठीवर.

गिरगावात १९५९ साली सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला, तोच आजचा लिज्जत. थोडक्या भांडवलावर काम उभे राहते, पण ते भांडवल फिरते राहिले तर. मजुरीच्या पैशाला खोक्याने हात लावू नये, एवढेच माझे मागणे.

पटत असेल तर आजच होकार द्या, म्हणजे दसऱ्याआधी खोके सांगता येतील. चुकले असल्यास क्षमा असावी.